दुप्पट केलंस, पण काय दुप्पट झालं?

परवा तुझ्या घोडबंदरच्या घरी आलो, चहा झाला आणि तू हौसेने रॅक पुढे ओढून मागची बाजू दाखवलीस. सीडी प्लेअरच्या दोन्ही सॉकेटना वाय कनेक्टर, त्यातून दोन-दोन केबली निघालेल्या, आणि ॲम्प्लिफायरपाशी पुन्हा वाय लावून एक झालेल्या. टर्नटेबललाही तोच थाट, टीव्हीच्या डब्यालाही तोच. "काका, एकाच्या दोन केल्या. आवाज केवढा मोकळा झालाय, ऐका तुम्ही," म्हणालास. सूनबाई समोर होती आणि केबलींवर झालेला खर्च तिच्या कानावर घातला आहेस की नाही याचा मला अंदाज नव्हता, म्हणून नुसती मान डोलावली. परतीच्या लोकलमध्ये मुंब्रा येईपर्यंत ठरवलं की हे लिहूनच पाठवावं. फोनवर सांगितलं तर तू मध्येच वाद घालशील.

माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या केबली जोडण्यात गेली, हे तुला माहीत आहेच. रस्त्याकडेच्या खड्ड्यात उकिडवं बसायचं, डोक्यावर ताडपत्री, समोर शेकडो पेअर. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या पेअरला जाऊन-येऊन किलोमीटरमागे पावणेदोनशे ओहमच्या आसपास रोध. फोन लांब असला की करंट पुरा पडत नाही. अशा वेळी शेजारची रिकामी पेअर सोबत जोडली की रोध अर्धा. पहिल्यांदा मी ही युक्ती केली तेव्हा मला फार शहाणा झाल्यासारखं वाटलं होतं. मला शिकवणारे उस्ताद, एक जुने जॉइंटर, विडी विझवून म्हणाले, "अर्धं काय झालं ते सांगितलंस. दुप्पट काय झालं ते सांग."

मला सांगता आलं नाही. दुप्पट झाला होता कपॅसिटन्स. टेलिफोनच्या पेअरला किलोमीटरमागे साधारण ५० नॅनोफॅरॅड असतो. लांबच्या लाइनीवर तोच बोलण्यातली वरची धार खातो आणि माणूस गोधडीतून बोलल्यासारखा ऐकू येतो. त्यावर उतारा म्हणून साधारण १.८ किलोमीटरवर एक, अशा ८८ मिलिहेन्रीच्या लोडिंग कॉइल घालायची पद्धत होती. तुझ्या रॅकमागे किलोमीटर नाहीत, दीड मीटर आहे. पण उस्तादांचा प्रश्न तोच.

आधी सीडी प्लेअर. त्यातून जास्तीत जास्त २ व्होल्ट निघतात. तुझ्या ॲम्प्लिफायरचा इनपुट ४७ किलोओहमचा धरला तर केबलीतून जाणारा करंट होतो जेमतेम ४२ मायक्रोअँपिअर. केबलीच्या मधल्या तारेचा रोध समज ०.१ ओहम होता, तो तू ०.०५ केलास. ४७ हजारांपुढे ०.१ काय आणि ०.०५ काय! शेवटच्या कर्जत लोकलने उतरलेल्या एकट्या माणसासाठी स्टेशनावर दुसरा जिना बांधावा, तसं हे आहे. जिना चांगलाच असेल, पण त्याला पहिल्यावरही गर्दी नव्हती.

आणि दुप्पट झालेला कपॅसिटन्स? तू घेतलेली केबल मीटरला १३० पिकोफॅरॅडच्या घरातली निघाली. दीड मीटरला साधारण २००, दोन जोडल्यावर ४००. सीडी प्लेअरचा आउटपुट ६०० ओहमचा जरी धरला, तरी या ४०० पिकोफॅरॅडने आवाज उतरायला लागतो तो साडेसहा लाख हर्ट्झच्या पुढे. माणसाचा कान वीस हजारांवर संपतो, माझा तर त्याच्या अर्ध्यावरच संपला असेल. म्हणजे सीडीच्या बाबतीत तुझ्या दुहेरी केबलीने फायदा नाही आणि तोटाही नाही. राहू दे तशाच, माझी हरकत नाही.

मग आवाज मोकळा का झाला? झालाही असेल, मी तुला खोटं पाडत नाही. पण ज्या पिना दोन वर्षं जागच्या हलल्या नव्हत्या त्या तू उपसल्यास, आणि नव्या पिना फिरवून घट्ट बसवल्यास. ठाण्याला खाडीची दमट हवा, आमच्याकडे डोंबिवलीला एमआयडीसीची. जानेवारी २०१४ मध्ये आमच्याकडे हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या होत्या, तू तेव्हा कॉलेजात होतास. अशा हवेत तांबं-पितळ काळवंडायला वेळ लागत नाही. पिन नुसती काढून, चार वेळा फिरवून परत घातली तरी वरचा थर खरवडला जातो आणि संपर्क सुधारतो. नव्या केबलीला मिळणाऱ्या शाबासकीतली निम्मी तरी या खरवडण्याची असते, असं माझं मत आहे.

म्हणून क्रम असा ठेव. आधी ॲम्प्लिफायर बंद. आरसीए पिनेची मधली दांडी आधी टेकते आणि बाहेरचं कडं मागून, त्यामुळे चालू ॲम्प्लिफायरवर पिन खुपसलीस तर स्पीकरमधून जो हंबरडा फुटतो त्यात ट्विटर जाऊ शकतो. मग सगळे सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर पुसून घे. मग जुनीच एकेरी केबल परत लाव आणि दोन दिवस तीच ऐक. त्यानंतर दुहेरी लाव. फरक तेव्हाही ऐकू आला तर मला फोन कर, मी स्वतः येईन.

आणि फरक ऐकायचा तो पाठ करून. आम्ही हे घरी केलं आहे. मी भिंतीकडे तोंड करून बसलो, काकूला सांगितलं की दर वेळी नाणं उडव. छापा आला तर एकेरी, काटा आला तर दुहेरी, आणि कागदावर लिहून ठेव. आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही, कारण अर्ध्या डेसिबलने मोठं झालेलं गाणं कानाला "जास्त चांगलं" वाटतं, "जास्त मोठं" वाटत नाही. सीडीवर दहापैकी पाच माझी बरोबर आली. नाण्यानेही तेवढीच दिली असती. काकू म्हणाली, एवढ्यासाठी माझी भाजी करपली.

त्याच संध्याकाळी टर्नटेबलवर मात्र गंमत झाली. जागा बदलल्या: काकू बसली, मी केबली बदलल्या. लताबाईंची तबकडी होती. काकूला हाय-फायमधलं ओ की ठो कळत नाही, पण दहापैकी नऊ वेळा तिने बरोबर सांगितलं. म्हणाली, "दोन वायरी असल्या की 'स' टोचतो."

हे तू नीट समजून घे, कारण तुझी खरी चूक तिथे आहे. टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये केसाहून बारीक तारेची वेटोळी असतात, म्हणजे भलंमोठं इंडक्टन्स. तुझ्याकडे ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई आहे, तिचं ५५० मिलिहेन्री. कंपनी सांगते की तिच्यापुढे सगळा मिळून १०० ते २०० पिकोफॅरॅड कपॅसिटन्स असावा. सगळा मिळून म्हणजे केबल आणि फोनो प्रीॲम्पचा इनपुट, दोन्ही. फोनो प्रीॲम्पमध्ये १०० धर, केबलीचे २००, झाले ३००. म्हणजे एकेरी केबलीवरच तू हद्द ओलांडली होतीस. वरून दुसरी केबल जोडलीस, झाले ५००.

इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकत्र आले की झोपाळ्यासारखा त्यांचा एक ठरलेला झोका असतो. ५५० मिलिहेन्री आणि ३०० पिकोफॅरॅडचा झोका १२ हजार हर्ट्झच्या थोडा वर. ५०० पिकोफॅरॅड केलेस की तो उतरून साडेनऊ हजारांवर येतो, आणि झोकाही मोठा होतो, कारण ४७ किलोओहमचा इनपुट त्याला आता पहिल्याइतका आवरून धरू शकत नाही. साडेनऊ हजारांच्या अलीकडेच गायकाचे 'स', 'श' आणि झांजेची चकाकी असते. तेवढा भाग फुगतो आणि त्याच्या पलीकडचं सगळं झपाट्याने पडतं. ऐकणाऱ्याला पहिले दोन दिवस वाटतं, वा, केवढा तपशील! तिसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागतं. तुला जो "मोकळा" आवाज वाटला तो तबकडीवर वाटला की सीडीवर, हे मी विचारायचं विसरलो. तबकडीवर असेल तर तो या फुगवट्याचा आहे.

टर्नटेबलला म्हणून नेहमी छोटी आणि कमी कपॅसिटन्सची एकच केबल. आरजी-५९ जातीच्या साध्या कोॲक्सचा कपॅसिटन्स मीटरला ६७ पिकोफॅरॅड असतो, ऑडिओच्या पुष्कळ महागड्या केबलींपेक्षा कमी. पाऊण मीटरमध्ये काम भागव, पन्नास पिकोफॅरॅडमध्ये आटपेल. कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर फार महाग नसतो. केबलीचं एक टोक मोकळं ठेवून दुसऱ्या टोकाला मधली दांडी आणि कडं यांच्यात मोज. दुकानदार काय सांगतो ते ऐकावं, पण मीटर सोबत असावा. लॅमिंग्टन रोडला जाशील तेव्हा तिथेच काउंटरवर मोजून घे. लोक हसतात, हसू देत.

आता तुझ्या बाजूनेही बोलतो, कारण दुहेरी केबलीत एक खरा गुण आहे आणि तो मधल्या तारेत नाही, बाहेरच्या जाळीत आहे. टेलिफोनच्या पेअरमध्ये दोन्ही तारा सारख्या, एकमेकींभोवती पिळलेल्या, आणि जमिनीचा त्यांच्याशी संबंध नाही. म्हणून किलोमीटरभर गटारातून गेली तरी पेअर गुरगुरत नाही. आरसीए केबलीत तसं नाही. तिथे जाळी एकाच वेळी संरक्षक भिंतही आहे आणि सिग्नलची परतीची वाटही. त्या वाटेवरून दुसरं कुणी चालायला लागलं की त्याच्या पावलांचा आवाज गाण्यात येतो.

हे दुसरं कुणी म्हणजे बहुतेक वेळा केबलवाल्याची वायर. तुझ्या टीव्हीच्या डब्याकडून तू ॲम्प्लिफायरला आवाज आणला आहेस. ॲम्प्लिफायर थ्री-पिनने तुझ्या बिल्डिंगच्या अर्थिंगला, आणि डब्याची कोॲक्स गच्चीवरून, शेजारच्या बिल्डिंगीवरून, कुठल्या तरी बूस्टरपाशी भलत्याच अर्थिंगला. दोन जमिनींत फरक असला की करंट तुझ्या ऑडिओ केबलीच्या जाळीतून वाट काढतो. समज १ मिलिअँपिअर गेला आणि जाळीचा रोध ०.१ ओहम आहे, तर १०० मायक्रोव्होल्टची घूंऽऽ थेट गाण्यात मिसळली. इथे तुझी दुसरी केबल कामाला येते. जाळ्या दोन झाल्या, रोध ०.०५ झाला, घूं निम्मी झाली, म्हणजे ६ डेसिबलने उतरली. हा फरक रात्री शांततेत सहज ऐकू येतो. टेलिफोनच्या लांब लाइनीसारखंच हे, इथे रोध अर्धा करण्याला अर्थ आहे.

पण निम्मी घूं म्हणजे गेलेली घूं नव्हे. आमच्या बिल्डिंगीत रुळाच्या बाजूला राहणारे दोघेजण वर्षानुवर्षं लोकलच्या ओव्हरहेड वायरीला दोष देत होते. मी त्यांना डब्याची कोॲक्स हाताने काढायला लावली. घूं बंद. लोकल चालूच होती. तूही आधी तेवढं करून बघ. कोॲक्स काढल्यावर शांत झालं तर रोग कळला. मग टीव्हीपासून आवाज ऑप्टिकल केबलीने आण, तिच्यातून करंट जातच नाही, वर्तुळच तुटतं. लॅपटॉप जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढून बघ. आणि हे कान उघडे ठेवून ऐक: घूं घालवण्यासाठी ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन कुणी कापायला सांगितली तर त्याला दारातूनच परत पाठव. घूं जाईल, पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन ज्या दिवशी फुटेल त्या दिवशी ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट असतील आणि हात तुझा किंवा सूनबाईचा असेल.

जाळीसाठीच दुहेरी करायची तर दोन हलक्या केबलींपेक्षा घट्ट विणीच्या तांब्याच्या जाळीची एक केबल बरी. चांगल्या आरजी-५९ ची जाळी मीटरला ०.०१ ओहमच्या आसपास असते. तुझ्या दोन्ही मिळूनही तिच्याजवळ पोचत नाहीत. आणि दोन लावल्याच, तर त्या रॅकच्या एका अंगाने एक आणि दुसऱ्या अंगाने दुसरी अशा नेऊ नकोस. मी पाहिलं, तू नेमकं तेच केलं आहेस, दिसायला छान म्हणून. दोन्ही टोकांना जोडलेल्या दोन केबली मध्ये लांब गेल्या की त्यांची कडी होते, आणि ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र त्या कडीत शिरलं की तिच्यात ५० हर्ट्झ फिरतं. शाळकरी मुलीच्या वेणीसारख्या पिळून बांध. मेनच्या वायरीपासून दूर, ओलांडावीच लागली तर काटकोनात.

वाय कनेक्टर मला आवडत नाहीत. प्रत्येक वाय म्हणजे जास्तीचे जोड, आणि जोड म्हणजे उद्याचा फॉल्ट, हे मी खड्ड्यात बसून शिकलो. शिवाय चार केबलींचं ओझं सीडी प्लेअरच्या सॉकेटवर लोंबतं आणि ते सॉकेट आत सर्किटच्या पाटीवर नुसत्या सोल्डरवर उभं असतं. माझ्या प्लेअरचं डावं सॉकेट असंच निखळलं, चूक सर्वस्वी माझी. दुहेरीच हवी तर दोन बारीक केबली एकाच पिनेत सोल्डर कर. पिनेच्या मागच्या भोकात दोन जाड केबली बसत नाहीत, जबरदस्तीने बसवल्यास तर जाळीचा एखादा केस दांडीला टेकतो. मधल्या दोन्ही तारा आधी पिळून, कल्हई चढवून, मगच दांडीला. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं पुरे, तीन सेकंदांत काम झालं पाहिजे, नाहीतर आतलं प्लास्टिक वितळतं. मग मल्टिमीटरच्या बीपवर तपास: दांडी ते दांडी वाजलं पाहिजे, कडं ते कडं वाजलं पाहिजे, दांडी ते कडं वाजता कामा नये. तपासताना केबल हलवत राहा. स्थिर असताना बरोबर आणि हलवली की चूक, असे जोड मी पोत्याने पाहिले आहेत.

आणि केबलवाला गच्चीवर टाकून गेलेला आरजी-६ चा तुकडा फुकट मिळाला म्हणून आणू नकोस. बहुतेक वेळा त्याची जाळी ॲल्युमिनिअमची असते, तिला साधं सोल्डर धरत नाही. मधली तार तांब्याचं पाणी दिलेली पोलादाची. फ्रिजवरचं चुंबक लावून बघ, चिकटलं तर परत गच्चीवर ठेवून ये.

राहिलेलं भराभर सांगतो. केबलीवर बाण असेल तर तिची जाळी बहुतेक एकाच टोकाला जोडलेली असते. दोन लावल्यास तर दोघींचे बाण एकाच दिशेने. डिजिटल कोॲक्स कधीही दुहेरी करू नकोस. ती ७५ ओहमची असते, दोन जोडल्या की साडेसदतीस होते आणि सिग्नलचा काही भाग टोकावरून उलटा फिरतो. वाय उलटा लावून दोन आउटपुट एका इनपुटमध्ये कोंबू नकोस, दोन्ही यंत्रं एकमेकांशी भांडत बसतात. तुझ्या मित्राकडे नुसत्या १०० किलोओहमच्या पॉटचा पॅसिव्ह व्हॉल्यूमचा डबा आहे म्हणालास. त्याला सांग की त्याच्यापुढे एकेरीच केबल आणि तीही आखूड. पॉट एका विशिष्ट जागी असताना तो डबा २५ किलोओहमचा होतो, आणि ४०० पिकोफॅरॅडला जोडला की १६ हजार हर्ट्झलाच आवाज ३ डेसिबलने पडलेला असतो. त्याचे कान तरुण आहेत, त्याला कळेल.

दुप्पट करायची हौस असेल तर स्पीकरची वायर कर. तुझा उजवा स्पीकर बाल्कनीच्या दारापाशी आहे, त्याला तू आठ मीटर ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर नेली आहेस. जाऊन-येऊन सोळा मीटर, रोध होतो ०.३७ ओहम. स्पीकर ४ ओहमचा. म्हणजे नऊ टक्के वायरीतच. दुसरी तशीच वायर जोडलीस की साडेचार टक्क्यांवर येतं. तिथे अँपिअर वाहतात, मायक्रोअँपिअर नव्हे. गणपतीच्या मंडपातला पोऱ्या लांबच्या भोंग्याला वायर डबल करतो ते उगाच नाही. प्लस-मायनस चुकवू नकोस एवढंच.

एकदा कानही धुऊन घे. कल्याण गायन समाजात बैठक असेल तेव्हा पुढच्या रांगेत माझ्याबरोबर बस, माइकशिवाय तानपुरा कसा लागतो ते ऐक आणि त्या रात्री घरी येऊन तुझी तबकडी लाव.

टर्नटेबलमागचे वाय आज रात्रीच काढ, पुढची तबकडी लावायच्या आधी. सीडीचे सवडीने. काढलेली जास्तीची केबलजोडी फेकू नकोस, रविवारी येताना घेऊन ये. काकूला टीव्हीचा आवाज माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरवर हवाय, आणि तिथे नेमकी एक जोडी कमी पडतेय.